शेंगोळ्यातला भ

"मोहिनी, खोटं नाही बोलत, असे शेंगोळे माझ्या आईलाही कधी जमले नाहीत," असं म्हणून कुंदनने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, तेव्हा भिमाजीच्या तोंडाकडे निघालेला घास वाटेतच थांबला.

कारण ते शेंगोळे भिमाजीने केले होते. पहाटे पाचला उठून, हुलग्याचं पीठ स्वतः मळून, लसूण स्वतः ठेचून, एकेक शेंगोळा दोन बोटांखाली वळून. मोहिनीचा त्या शेंगोळ्यांशी संबंध एवढाच, की नाशिकरोडच्या त्या पिठाच्या गिरणीवरच्या हॉलला अठरा पायऱ्या होत्या आणि भिमाजीला एकच धड गुडघा होता. तो रिक्षातून उतरल्यावर खाली भेटलेल्या मोहिनीने आपणहून पातेलं उचललं आणि वर आणलं. दारात कुंदन उभा होता. त्याने पातेलं बघितलं, मोहिनी बघितली, आणि विमा एजंटच्या चपळाईने दोन्हींची सांगड घालून टाकली.

आता कुणीही म्हणेल, मग सांगून टाकायचं ना, बाबा, माझे आहेत म्हणून. तिथंच तर घोडं अडलं होतं. सहउपासना मंडळात ते सांगायची बंदी होती, आणि ती बंदी खुद्द भिमाजीने घातली होती.

मंडळ साधंच. मूर्ती नाही, पुजारी नाही, सोवळंओवळं नाही. दर रविवारी दहा वाजता चाळीसेक माणसं जमायची. प्रेम, न्याय आणि करुणा अशा तीन नावांच्या तीन समया लावायच्या, दोन पदं म्हणायची, दहा मिनिटं गप्प बसायचं, मग कुणीतरी मनातलं चार शब्द बोलायचं. त्यानंतर प्रत्येकाने घरून आणलेलं एका टेबलावर मांडून सगळ्यांनी जेवायचं. दोन वर्षांपूर्वी एका नव्या गृहस्थांनी जेवताना सहज विचारलं, "या नागलीच्या भाकरी कुणाकडच्या?" कुणीतरी सांगितलं, चिमणाबाईंच्या. चिमणाबाई हरसूलकडच्या, इथं एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. गृहस्थांनी नाव ऐकलं, गाव ऐकलं, आणि भाकरी हळूच टोपलीत परत ठेवली.

भिमाजीचं टाळकं सरकलं. तो तिथल्या तिथे उभा राहिला. "हितनं फुडं कुणी काय आणलं ते सांगायचं नाय आन कुणी इचारायचं नाय. पटत आसल तर जेवा, नायतर गिरणीत जाऊन पीठ खा." ठराव एकमताने पास झाला. गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मंडळाच्या अध्यक्ष छायाताई, रिटायर्ड मुख्याध्यापिका, त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहून भिंतीला लावली: अन्नाला नाव नाही. खाली बारीक अक्षरात, 'सूचक: भिमाजी सोनवणे'.

त्या पाटीखालीच बसून भिमाजी आता स्वतःच्या शेंगोळ्यांची दुसऱ्याच्या नावाने चाललेली आरती ऐकत होता.

जेवणं झाल्यावर त्याने मोहिनीला जिन्यात गाठलं. मोहिनी कॉलेजात शिकवायची, तिशीतली, बोलायला मऊ.

"पोरी, तू त्याला नाय का म्हणाली नाय?"

"काका, नियम आहे ना. हो म्हणायचं नाही तसं नाहीही म्हणायचं नाही. आज मी नाही म्हटलं, उद्या दुसरा नाही म्हणेल, मग उरलेला कोण ते कळणारच की."

"आगं पण मग हसती कशाला?"

"मग रडू का?"

भिमाजी कठडा धरून जिना उतरला. घरी त्याने बायकोला, सगुणाबाईला, सगळं सांगितलं. सगुणाबाई कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "बरं झालं. एकतीस वर्सं मी तुमच्या हातचं जेवण वाढलं, पाव्हणं म्हणायचे, वयनी काय हात हाय तुमचा. मी कदी म्हणलं का, हात ह्यांचा हाय म्हणून? आता कळंल कसं वाटतं."

"तुला कौतिक मिळत हुतं. मला काय मिळालं?"

"आयतं मिळालेलं कौतिक लय जड आसतं. त्या पोरीला इचारा."

दुसऱ्या रविवारी छायाताईंची बोलायची पाळी होती. विषय करुणा. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गेल्या रविवारी आपण शेंगोळे खाल्ले. कुणी केले ते मी विचारणार नाही." इथं सगळ्या माना मोहिनीकडे वळल्या. "पण ते खाताना मला जाणवलं, इतकं बारीक, इतकं एकसारखं वळण केवळ स्त्रीच्याच हाताला साधतं. ती माया पुरुषाच्या बोटांत नसते."

भिमाजी गुडघा विसरून उठला. "कशावरनं? पुरुषाला बोटं नसत्यात? का त्यो कोपरानं मळतो?"

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. छायाताईंनी हात जोडले. "भिमाजीभाऊ, माझी चूक दाखवलीत. हा न्यायाचा मुद्दा आहे."

कुंदन तर भारावूनच गेला. "मानलं तुम्हाला. सगळं आयुष्य इंजिन चालवण्यात गेलं, स्वतः कधी चहा केला नसेल, आणि तरी हा विचार."

भिमाजी मटकन खाली बसला. ही इंजिनाची भानगड त्याचीच होती. मंडळात आला तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, रेल्वेत कुठं होता? भिमाजी इगतपुरीला रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होता, म्हणजे गाडी लावून ड्रायव्हर लोक जिथं झोपायला नि जेवायला यायचे तिथं. त्याने उत्तर दिलं, "रनिंगला हुतो." रूम तेवढी गिळली. समोरच्याने आदराने विचारलं, "म्हणजे ड्रायव्हर?" त्यावर भिमाजी कसारा घाटातल्या धुक्याबद्दल दोन वाक्यं बोलला. दोन्ही खरी होती. बाकीचं लोकांनी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवलं. त्या दिवशी त्याला गंमत वाटली होती.

आता गंमत वाटत नव्हती. दहा हजार ड्रायव्हरांची पोटं ज्या हाताने भरली, तो हात चहाही करत नाही म्हणे.

पण माणूस मूळचा खोडकर. आठवडाभर त्याने डोकं लढवलं आणि शनिवारी संध्याकाळी तोडगा काढला. नाव तोंडाने सांगायला बंदी होती. शेंगोळ्याने सांगितलं तर? त्याने पीठ मळलं, पोळपाट पुढे ओढला आणि शेंगोळे नेहमीसारखे वेटोळे न घालता अक्षर वळायला घेतलं. भ. भिमाजीचा भ. खालची गाठ, उभी काडी, वरची रेघ, आणि डाव्या अंगाला डोक्यावर तो बारीकसा आकडा, ज्याच्यामुळे भ हा भ असतो. एकेचाळीस भ झाले तेव्हा त्याची कंबर धरली होती.

सगुणाबाईने डोकावून पाहिलं. "हे काय, बालवाडी काढली?"

"सही करतोय."

"नियम कुणी केलाय म्हणायचा?"

"नियम तोंडाला हाय. पिठाला न्हाय."

रविवारी सकाळी त्याने फोडणीचं पाणी उकळवून सगळे भ आत सोडले. पातेलं पुन्हा मोहिनीनेच उचललं, कारण गुडघा काही सुधारला नव्हता. भिमाजी मात्र आज अठरा पायऱ्या शीळ घालत चढला.

सहभोजनात कुंदनने चमचा घातला, एक शेंगोळा वर काढला आणि उजेडाकडे धरला. भिमाजीने मान उंचावली.

"अरे, हे तर अक्षर आहे. छायाताई, बघा बरं."

छायाताईंनी चष्मा चढवला. वाटीतला दुसरा काढला, तिसरा काढला. मुख्याध्यापिकेची नजर, एकेचाळीस वह्या तपासाव्यात तशी फिरली.

"म," त्या म्हणाल्या. "सगळे म आहेत."

उकळत्या पाण्यात पीठ फुगतं, ही गोष्ट रनिंग रूमचा स्वयंपाकी विसरला होता. भच्या डोक्यावरचा तो बारीक आकडा फुगून वरच्या रेघेला चिकटला होता आणि एकूण एक भचा म झाला होता.

"म म्हणजे मोहिनी," कुंदन म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला. "अरेरे. मोहिनी, हे काय केलंस? एवढी शिकलेली तू."

 मोहिनीने वाटीत पाहिलं. मग भिमाजीकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिने तो दाबला. "मला नियमामुळं काहीच बोलता येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे कबूलच झालं."

"म कसला?" भिमाजी ओरडला. "भ हाय त्यो. नीट बघा, डोकं मोकळं हाय त्याचं."

छायाताईंनी पुन्हा बघितलं. "नाही, भिमाजीभाऊ. डोकं बंद आहे. आणि समजा भ असला, तर भ म्हणजे कोण?"

भिमाजीने वर बघितलं. डोक्यावर पाटी होती, पाटीखाली त्याचं नाव होतं. ज्याने नियम केला त्यानेच पिठातून मोडला, हे आता चाळीस लोकांसमोर कोणत्या तोंडाने सांगणार? "भ म्हणजे..." तो म्हणाला, "भाकरी."

कुणी हसलं नाही. छायाताईंनी अतिशय दुःखी होऊन निर्णय दिला, की या महिन्यात समया लावायची मोहिनीची पाळी होती, ती आता दुसऱ्या कुणाला द्यावी. मोहिनीने मान डोलावली. ते बघून भिमाजीला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तो चिडायचाच. त्याने टेबलावर हात आपटला.

"नियमच खोटा हाय. ज्याचं त्याला नाव मिळाया नको? राबणाऱ्याचं नाव झाकायचं, ह्यो कुठला न्याय? माजा ठराव हाय, ही पाटी काढा."

"तुमचीच पाटी आहे ती."

"म्हणून तर काढा म्हणतोय. दुसऱ्याची आसती तर मी बोललो आसतो व्हय?"

छायाताई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी जेवणाआधी ठरवू. पण मी स्पष्ट सांगते, माझा विरोध राहील. तो नियम करुणेतून आलाय." छायाताईंचा विरोध म्हणजे ठराव पडलाच. दहा वर्षांत त्यांच्या विरुद्ध एक मत गेलेलं नव्हतं.

ह्याच्यावर भिमाजी कदाचित गप्प बसला असता. पण बुधवारी मंडळाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कुंदनचा मेसेज आला. 'माणूस म्हटलं की चूक होणारच. आपण सर्वांनी मोहिनीला मोठ्या मनाने माफ करावे. अक्षर चुकले असेल, चव चुकली नाही.' खाली सव्वीस जणांनी हात जोडले. गुरुवारी कुणीतरी तिला महिला मंडळाच्या पाककृती स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. शुक्रवारी कुंदनने विचारलं, भाच्याच्या वाढदिवसाला एक पातेलं जमेल का.

भिमाजीने फोन सगुणाबाईच्या नाकासमोर नाचवला. "बघ. चव तिची, शिक्षा तिची, माफी बी तिची. आन परीक्षक? हुलगा कशाला म्हणत्यात ते तरी ठाव हाय का तिला?"

"मग तिनं काय करायचं हुतं? तुमचं नाव घेतलं आसतं तर तुमी मेला आसता."

"मेलो तर मेलो. नावानिशी मेलो आसतो."

रविवारी पहाटे शेंगोळ्यांना उकळी आली. भिमाजीने चव घेतली. बेतशीर. अगदी रनिंग रूममध्ये अवघड गाडी आणून दमलेल्या ड्रायव्हरने डोळे मिटून भुरकावी तशी. त्याने मिठाचा डबा उघडला, मूठ भरली आणि पातेल्यात सोडली. मग जरा विचार केला आणि दुसरी सोडली.

सगुणाबाई दारात उभी होती. "किती?"

"दोन."

"देवा. का पण?"

"आज बघतो, कोण म्हणतंय आमची मोहिनी. एकदा थुंकू दे सगळ्यांला."

"त्या पोरीनं पातेलं उचललं तुमचं, गुडघ्याकडं बघून. ते इसरलात?"

"ते मला सांगू नको," भिमाजी म्हणाला आणि झाकण जरा जोरातच ठेवलं.

त्या दिवशी सगुणाबाईही त्याच्यासोबत मंडळात आली. उपासना झाली. समया लावल्या, त्या कुंदनने. दहा मिनिटांचं मौन भिमाजीला दहा तासांचं वाटलं. मग छायाताई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता.

"मी आठवडाभर झोपले नाही," त्या म्हणाल्या. "भिमाजीभाऊंचं वाक्य कानातून जात नव्हतं. राबणाऱ्याचं नाव झाकायचं, हा कुठला न्याय? दोन वर्षांपूर्वी एका माणसानं भाकरी परत ठेवली, आणि आपण काय केलं? त्याची लाज लपवायला आपण चिमणाबाईंचं नाव लपवलं. करुणा म्हणून लपवलं, पण लपवलंच. मी माझा विरोध मागं घेते. आजपासून, आत्तापासून, प्रत्येकानं आपल्या पदार्थापाशी उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं. कुंदन वहीत लिहून घेईल."

हात वर झाले. एकमत. कुंदनने भिंतीवरची पाटी उतरवली.

भिमाजीचा हात तेवढा वर गेला नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगुणाबाईच्या आलं. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "घ्या. मिळालं नाव."

पहिल्या चिमणाबाई उठल्या. टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि म्हणाल्या, "नागलीच्या भाकरी. चिमणाबाई भोये. हरसूल." आवाज पहिल्यांदा बारीक, मग हरसूलला येईपर्यंत मोठा झाला. आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळी माणसं रांग सोडून त्या टोपलीकडे गेली. टोपली दोन मिनिटांत रिकामी. भिमाजीचे डोळे भरून आले. हे आपल्यामुळं झालं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं. मग कुंदन वही घेऊन पुढच्या पदार्थाकडे सरकला आणि भिमाजीला मीठ आठवलं.

कुंदनने वहीआधी चमचा घातला. विमा एजंट झाला तरी खवय्या. तोंडात घेतला आणि त्याचा चेहरा हळूहळू, खालून वर, बदलत गेला. त्याने गिळलं. गिळलं हे त्याचे उपकार.

"हे..." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे कुणाचे?"

 छायाताईंनी चाखलं आणि खुर्ची शोधली. आणखी दोघांनी चाखलं. चाळीस जोड डोळे पातेल्यावर. चार रविवार ज्या क्षणासाठी भिमाजी जळत होता तो क्षण समोर वाफाळत उभा होता, आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. चाखलंही नसताना.

मोहिनी पुढे आली. एक शेंगोळा तोंडात टाकला, शांतपणे चावला, भिमाजीकडे बघितलं. त्या एका बघण्यात तिला सगळं कळलं, दोन्ही मुठी कळल्या.

"माझे," ती म्हणाली. "मीठ जास्त पडलं. क्षमा करा."

"आगं ए," भिमाजीच्या तोंडून निघालं.

पण मंडळ हललं होतं. छायाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, अर्थात त्यात मिठाचाही वाटा होता. "पहिल्याच दिवशी, इतक्या प्रांजळपणे. वाढा मला. आपण सगळे हे खाणार आहोत. हेच प्रेम."

आणि खरंच सगळे वाट्या पुढे करू लागले. भिमाजीला आता असह्य झालं. खोटं कौतुक त्याने चार रविवार सोसलं होतं, पण स्वतःचं पापही दुसऱ्याच्या नावावर जातंय, हे त्याच्या रागाच्याही पलीकडचं होतं. तो पातेल्यासमोर आडवा झाला.

"थांबा. कुणी खाऊ नका. ते माजे हायत. समद्या रईवारचे माजे. मी डायवर नव्हतो, सैपाकी हुतो. मीठ मीच टाकलंय, दोन मुठी, मुद्दाम."

 मग कुंदनने वही काखेत मारली, पुढे आला आणि भिमाजीला मिठीच मारली.

"काय माणूस आहात हो तुम्ही. मुलीची चूक स्वतःवर घ्यायची म्हणून ड्रायव्हरकीसुद्धा सोडायला निघालात."

"आरं मी खरंच..."

"बसा. गुडघा दुखेल. ह्याला म्हणतात करुणा," छायाताई डोळे पुसत म्हणाल्या. "ऐकलंत ना सगळ्यांनी? म्हणे मुद्दाम टाकलं. कोण मुद्दाम टाकेल?"

"सगुणा, सांग की गं ह्यांला."

सगुणाबाईने नवऱ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मोहिनीकडे पाहिलं. "मी काय सांगू," ती म्हणाली. "ह्यांना चहा बी येत नाय."

मोहिनीने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, बिचारी रडतेय, म्हणून दोघी जणी तिला धरायला गेल्या.

शेंगोळे संपले. एक थेंब उरला नाही. फक्त प्रत्येक घासागणिक लोकांचे डोळे वर जात होते आणि हात पाण्याकडे. पिंप लांब होतं. भिमाजी काय करणार? उठला, जग भरला आणि लंगडत लंगडत पंगतीतून फिरू लागला. कुणी एक पेला प्यालं, कुणी तीन. छायाताई चार प्यायल्या. तो दात खात ओतत राहिला, दोनदा जग भरून आणला.

शेवटी कुंदनने पाचवा पेला रिकामा केला, समाधानाने ढेकर दिली आणि वही उघडली. त्याने शेंगोळ्यांपुढे मोहिनीचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेन थांबवलं.

"एक राहिलंच. न्याय म्हणजे न्याय." त्याने नवी ओळ सुरू केली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "पाणी: भिमाजी सोनवणे." मग वर बघून म्हणाला, "भिमाजीभाऊ, काय गोड होतं हो. भाच्याच्या वाढदिवसाला याल का?"